न मोजलेल्या हवेचा हिशेब

वाण्याच्या दुकानात पाव किलो साखर घेणारे गिऱ्हाईक तराजूच्या काट्यावरील नजर हलवीत नाही. पेट्रोल भरताना आकडा शून्यावर आहे की नाही, हे आपण आधी पाहून घेतो. परंतु लाखो रुपये खर्चून वातानुकूलन यंत्रणा बसविणारी बँक, रुग्णालय वा महाविद्यालय या यंत्रणेने मिनिटाला किती हवा द्यावयाची होती आणि प्रत्यक्षात ती किती देते, हा साधा प्रश्न क्वचितच विचारते. हवा दिसत नाही, म्हणून ती मोजावयाची नसते, असा जणू संकेतच पडून गेला आहे. या संकेताची किंमत मात्र विजेच्या देयकातून आणि माणसांच्या प्रकृतीतून आपण सारे मोजीत असतो.

मोठ्या कार्यालयात जाणाऱ्यांना एक दृश्य परिचयाचे असेल. हवेच्या झरोक्याखाली बसणाऱ्या लिपिक बाई भर वैशाखात शाल पांघरून काम करीत असतात आणि त्याच दालनाच्या दुसऱ्या टोकाला खातेदार घाम पुशीत उभा असतो. तक्रार झाली की शिपाई तापमानाचा आकडा आणखी दोन अंशांनी खाली आणतो. बाईंची थंडी वाढते. खातेदाराचा घाम तसाच राहतो. कारण दोष बहुधा थंडाव्याचा नसून हवेच्या वाटपाचा असतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर प्रश्न उत्पादनाचा नाही, वितरणाचा आहे.

हे वितरण करतो तो यंत्रातील पुरवठ्याचा पंखा. थंड कॉइलवरून हवा ओढून ती पत्र्याच्या डक्टमधून दालनात ढकलणे हे त्याचे काम. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढा थंडावा देतो, तेवढी क्षमता म्हणजे वातानुकूलनातील एक टन. आणि दर टनामागे मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा असा व्यवहारातील ठोकताळा आहे. हवा याहून फार कमी पडली तर कॉइलवर बर्फ साचू लागते. ती फार जास्त झाली तर हवेतील ओलावा पुरेसा काढला जात नाही. मुंबई किंवा पणजीसारख्या दमट हवेच्या शहरांत मग दालन थंड असूनही चिकचिकीत वाटते. तेव्हा अधिक हवा म्हणजे अधिक सुख, हे समीकरणही खरे नव्हे.

मोजणी कशी होते?

पंख्याची चाचणी ही काही गूढ विद्या नाही. प्रथम फिल्टर व कॉइल स्वच्छ आहेत, पट्टा ताणलेला आहे आणि डक्टमधील झडपा उघड्या आहेत, याची खात्री करावयाची. मग पंखा योग्य दिशेने फिरतो की नाही हे पाहावयाचे. तीन फेजच्या जोडणीत दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरते. तरीही या पिंजऱ्याच्या आकाराच्या पंख्यातून हवा त्याच दिशेने, पण पुष्कळच कमी, येत राहते. 'हवा येते आहे ना?' एवढ्यावर समाधान मानणाऱ्याला हा दोष वर्षानुवर्षे कळत नाही.

त्यानंतर पंख्याचे फेरे, मोटारीचा विद्युत्प्रवाह आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक नोंदवावयाचा. डक्टच्या छेदात अनेक बिंदूंवर हवेचा वेग मोजून त्यांची सरासरी काढावयाची आणि तिला छेदाच्या क्षेत्रफळाने गुणावयाचे. हा गुणाकार म्हणजेच पंख्याने दिलेली हवा. ती आराखड्यातील आकड्याशी ताडून पाहावी आणि फरक मोठा असेल तर पुली बदलून किंवा विद्युत्-नियंत्रकाने पंख्याचा वेग जुळवावा. अखेरीस एकेका झरोक्याची हवा मोजून झडपांनी तिचे वाटप ठरवावे.

या जुळवणीमागे एक विलक्षण गणित आहे. डक्टची रचना तीच असेल तर पंख्याची हवा त्याच्या वेगाच्या प्रमाणात बदलते, पण त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्क्यांनी कमी केला तर शक्ती जवळजवळ निम्मी होते. समजा, २५ टनांच्या यंत्राला मिनिटाला १०,००० घनफूट हवा हवी आहे आणि पंखा १२,५०० घनफूट देतो आहे. त्यासाठी तो ५ किलोवॅट वीज घेत असेल आणि वर्षात ३,००० तास चालत असेल, तर १५,००० युनिटे खर्ची पडतात. वेग एकपंचमांशाने उतरविला की हा खर्च सुमारे ७,७०० युनिटांवर येतो. युनिटाला १० रुपये धरले तर एका पंख्यामागे वर्षाला सुमारे ७३,००० रुपये वाचतात, तेही एक पुली बदलून! याउलट, ८,००० घनफुटांवरून १०,००० वर जाण्यासाठी नुसता वेग वाढविला तर शक्ती जवळजवळ दुप्पट लागते आणि मोटार जळण्याचा धोका संभवतो. म्हणून आधी फिल्टर झटकावा, मगच पुलीला हात लावावा.

काटकसर आणि कोंडमारा

तथापि, हेच गणित काटकसरीच्या उत्साहात उलटू शकते. झरोक्यातून येणाऱ्या हवेचा मोठा भाग दालनातूनच परत ओढलेला असतो. बाहेरची ताजी हवा त्यात थोडीच मिसळलेली असते. पंख्याचा वेग उतरविताना हा ताज्या हवेचा वाटाही घटतो. अमेरिकेने याचा अनुभव घेतला आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर तेथे इमारती अधिकाधिक बंदिस्त झाल्या. वातानुकूलन अभियंत्यांच्या 'अ‍ॅश्रे' या संस्थेच्या १९८१ च्या मानकात, धूम्रपान नसलेल्या कार्यालयांसाठी माणशी मिनिटाला ५ घनफूट ताजी हवा पुरेशी मानली गेली. डोकेदुखी, मरगळ, डोळ्यांची जळजळ अशा तक्रारी वाढल्या आणि १९८९ मध्ये कार्यालयांसाठी ही मर्यादा २० घनफुटांवर न्यावी लागली. पुढे २०२० च्या महासाथीने बंद दालनातील हवेचे मोल साऱ्या जगालाच शिकविले. विजेची बचत माणसाच्या श्वासातून करावयाची नसते.

मग इतकी स्वस्त आणि उपयुक्त मोजणी होत का नाही? कारण यंत्र विकत घेणारा, त्याचे विजेचे देयक भरणारा आणि त्याच्या हवेत दिवस काढणारा, हे तिघे वेगवेगळे असतात. सर्वांत कमी रकमेची निविदा मंजूर होते आणि त्या रकमेत चाचणीचे पैसे धरलेले नसतात, किंवा धरले तरी तोच कंत्राटदार आपल्याच कामाचा तक्ता भरून देतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले, की विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो आणि ग्राहकाला नसतो अशा बाजारात चांगला माल मागे पडतो. न मोजलेल्या हवेचा बाजार हा त्याचाच एक नमुना होय. रोखपालाने आपल्या रोकडवहीची तपासणी आपणच करावी, असे कोणतीही बँक म्हणणार नाही. मग हवेच्या बाबतीतच हा अपवाद का असावा?

नियमांची उणीव आहे असेही नाही. २००७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत, झडपा आवळून होणारा अपव्यय आधी कमीत कमी करावा आणि मग पाऊण किलोवॅटहून मोठ्या पंख्यांचा वेगच आराखड्यानुसार जुळवावा, अशी स्पष्ट तरतूद होती. उणीव आहे ती विचारणाऱ्याची. सार्वजनिक पैशातून बसणाऱ्या प्रत्येक यंत्रणेची मोजणी कंत्राटदाराहून स्वतंत्र अशा तपासनीसाने करावी. तिचा अहवाल आल्याखेरीज अखेरचे देयक मंजूर होऊ नये. आणि पंख्याचे फेरे, विद्युत्प्रवाह व हवेचे प्रमाण हे तीन आकडे तारखेसह यंत्रावरच रंगवून ठेवावेत. म्हणजे पुढील वर्षी देखभालीसाठी येणाऱ्याला तुलना तरी करता येईल.

यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. कार्यालयात शाल पांघरून बसणाऱ्या बाईंनी आणि घाम पुसणाऱ्या खातेदाराने व्यवस्थापकाला एकच प्रश्न विचारावा: "हवा शेवटची केव्हा मोजली होती?" त्याचे उत्तर तारखेसह मिळू लागेल, त्या दिवशी या हिशेबाची पहिली नोंद झाली असे समजावे.