पटावरच्या मोटारी

मी मराठीचा अध्यापक. वर्गात ‘लीळाचरित्र’ शिकवावे आणि घरी उत्तरपत्रिका तपासाव्यात, हा माझा दिनक्रम. असा माणूस दिवाळी अंकात मोटारींच्या शर्यतीवर लिहू लागला, की वाचकांच्या भुवया वर जाणारच. बरे, त्या मोटारी खऱ्याही नव्हेत; व्हिडिओ गेमच्या पडद्यावरच्या, बोटाच्या पेराएवढ्या! पण गेल्या भाऊबीजेला त्या इवल्या मोटारींनी आमच्या घरात जे काम केले, ते चार वडीलधाऱ्यांना सहा वर्षांत साधले नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे गाव पवनी. नागपूरहून उमरेड-भिवापूरवरून आले की वैनगंगेच्या काठी लागते. जुना परकोट, घाट आणि पावलोपावली देवळे. १९६९-७० साली येथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन होऊन प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. सांगायचे एवढेच, की जमिनीखालचे जुने वर काढण्याची आमच्या गावाला सवय आहे.

१९९० च्या उन्हाळ्यात धाकट्या आत्याच्या लग्नाचा बस्ता काढायला सारे कुटुंब नागपूरला गेले. कापडाच्या दुकानात बायकांची बैठक बसली, की ती उठणार केव्हा हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. मी अकरा वर्षांचा, ताई तेराची आणि मोठ्या काकांचा मुलगा दादा चौदाचा. आम्ही गाद्यांवर कोलांट्या मारू लागलो, तेव्हा वडिलांनी दहाची नोट दादाच्या हाती देऊन आम्हांला बाहेर पिटाळले. दोन दुकाने सोडून व्हिडिओ गेमची एक अंधारी खोली होती. तीत एक भले थोरले कपाट उभे होते. त्याला शेजारी शेजारी तीन स्टिअरिंग आणि खाली तीन पेडल. खेळाचे नाव ‘सुपर स्प्रिंट’.

अमेरिकेतल्या अटारी गेम्स कंपनीने १९८६ साली काढलेला हा खेळ. घारीने आकाशातून पाहावे तसा शर्यतीचा सगळा रस्ता एकाच पडद्यावर दिसतो. निळी, तांबडी आणि पिवळी गाडी खेळणारांची. चौथी यंत्राची स्वतःची. ब्रेक नावाची वस्तूच नाही! वाटेत तेलाचे डाग, पाण्याची डबकी, उघडझाप करणारी फाटके आणि एक भटकी वावटळ. रस्त्यात मेकॅनिकचे सोनेरी पाने पडलेले असतात; ते तीन गोळा केले, की गाडीला वेग तरी मिळतो नाही तर टायरला पकड. गाडी आपटून फुटलीच, तर हेलिकॉप्टर येऊन नवी ठेवून जाते.

रुपयाला एक टोकन. म्हणजे तिघांच्या तीन शर्यती आणि एक टोकन शिल्लक. ताईचे कोपर माझ्या बरगडीत, माझे दादाच्या. तिन्ही शर्यती ताईने जिंकल्या, हे आजही ती सांगते. उरलेले टोकन दादाने मला दिले. पण एकट्याने खेळताना काही केल्या रंग भरेना. यंत्र तेच, रस्ता तोच. पण बाजूची दोन स्टिअरिंग नुसती लोंबत होती. मी शर्यत अर्धी टाकून बाहेर आलो.

या जातीचे खेळ त्याआधीपासूनचे. अटारीचा ‘ग्रॅन ट्रॅक १०’ १९७४ चा. त्यात एकट्यानेच घड्याळाशी झुंजायचे. पुढच्याच वर्षी ‘इंडी ८००’ आला. एका चौकोनी यंत्राभोवती आठ जणांनी उभे राहायचे, आणि बघ्यांना शर्यत दिसावी म्हणून वर आरसे लावलेले! १९७६ चा ‘स्प्रिंट २’ दोघांचा, काळ्यापांढऱ्या पडद्याचा. मग १९८२ साली जपानच्या नाम्को कंपनीचा ‘पोल पोझिशन’ आला आणि खेळणाराची नजर आकाशातून उतरून स्वतःच्या गाडीच्या मागे येऊन बसली. पुढे बहुतेकांनी तीच वाट धरली.

मला विचाराल, तर वरून पाहायची शर्यत आपल्याला नवी नाही. सारीपाट तरी दुसरे काय? चार बाजूंना चार गडी, आणि सर्वांच्या सोंगट्या एकाच पटावरून घराकडे धावायच्या. इंग्लंडात १८९६ साली ज्या लुडोचे पेटंट घेतले गेले, तो आपल्या पचिशीचाच अवतार. आणि आमच्या झाडीपट्टीत बैलांच्या शर्यतीलाही पटच म्हणतात, शंकरपट! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो बंद झाला, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मेमध्ये न्यायालयाने त्यासाठी केलेला कायदा वैध ठरवला. शब्दाची व्युत्पत्ती काय असेल ती असो. पट म्हटला की सगळे गडी एका नजरेत आले पाहिजेत, एवढे खरे.

आमच्या घरचा पट मात्र मोडला होता. आजोबांच्या घराची वाटणी निघाली. अंगणातली विहीर कोणाकडे, यावरून बोलाला बोल लागला आणि अंगणात भिंत आली. दादा भंडाऱ्याला राहायला गेला. सहा वर्षे आमचे बोलणे नव्हते. ताईकडे नागपूरला भाऊबीजेसाठी तो सकाळी जाई, मी संध्याकाळी. गेल्या वर्षी तिने दोघांनाही निक्षून कळवले, “यंदा ओवाळीन तर पवनीच्या घरी. दोन पाट शेजारी शेजारी. यायचे नसेल तर ओवाळणीही नको.”

दादा आला. ओवाळणे झाले. पाऊसपाणी आणि धानाचे पीक यांवर आम्ही परक्यासारखे बोललो. तो घड्याळ पाहू लागला, तोच ताईच्या मुलाने, हा पुण्याला इंजिनिअर आहे, पिशवीतून एक जुने एक्सबॉक्स यंत्र काढून टीव्हीला जोडले. २००३ साली जुन्या खेळांचा ‘मिडवे आर्केड ट्रेझर्स’ नावाचा संग्रह निघाला होता; त्याची तबकडी त्याने आईच्या सांगण्यावरून मिळवली होती. पडद्यावर तो रस्ता उमटला मात्र, दादा पुढे सरकला. “हे तं तेच होय गा!”

आता प्रामाणिकपणे सांगतो. खेळ म्हणून पाहिला, तर तो आज साधाच वाटतो. रस्ते आठच, चित्रे ठोकळेबाज. मुख्य म्हणजे स्टिअरिंग गेले. ते गरगर फिरवताना सारे अंग वळायचे. आता अंगठ्याएवढी दांडी ढकलायची. माझी गाडी पहिल्याच वळणावर भिंतीत शिरली. “काहून गा, अजून कोपऱ्यावरच मार खातं?” दादा हसला. सहा वर्षांत प्रथमच तो मला उद्देशून हसला होता.

भाचा आपल्या मोबाईलवर चार गावच्या चार मित्रांशी शर्यती खेळतो. प्रत्येकाची खोली वेगळी, पडदा वेगळा. प्रत्येकाला आपलीच काच दिसते. तो आमच्याकडे पाहत म्हणाला, “मामा, तुमच्या खेळात शत्रू शेजारीच बसतो की!”

मी त्याला उत्तर दिले नाही. पण पडद्याकडे पाहताना वाटले, सहा वर्षे आम्हीही आपापल्या काचेतूनच पाहत होतो. दादाला माझा कोपरा दिसला नाही, मला त्याचा खड्डा दिसला नाही. येथे पुढचा, मागचा, अडकलेला, सारे एकाच पटावर. त्याची गाडी फुटून हेलिकॉप्टर आले, तेव्हा मी नकळत थांबलो आणि ताई पुढे निघून गेली. अर्थात तिन्ही शर्यती तिनेच जिंकल्या.

खेळता खेळता भंडाऱ्याची शेवटची एसटी निघून गेली. दादा राहिला. विहिरीचा विषय ना त्याने काढला, ना मी. अंगणातली भिंत आजही उभी आहे. गोष्टीतल्यासारखी ती रातोरात पडली नाही. पण सकाळी स्टँडवर पोचवायला गेलो, तेव्हा एसटीच्या खिडकीतून डोके काढून दादा म्हणाला,

“पुढच्या दिवाळीले त्या पोराले सांग, स्टिअरिंग भेटते का पाहाले. तीन आणजो म्हणा.”