‘झेपाचा नाय’ : अभियांत्रिकीचे पहिले वर्ष आणि काही गैरसमज

अभियांत्रिकीच्या पदवीला प्रवेश घेतलेली मुले अडकतात ती बहुधा पहिल्या वर्षात. गणित, इंजिनिअरिंग मेकॅनिक्स आणि ड्रॉइंग हे तीन विषय त्यासाठी पुरेसे असतात. पहिल्या सत्रात एक-दोन केटी लागतात, दुसऱ्या सत्रात जुने आणि नवे पेपर एकाच पंधरवड्यात येतात, आणि वर्ष जाते. अडकलेल्यांत घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली, मराठी शाळेत शिकलेली, खेड्यातली आणि मागास प्रवर्गातली मुले ठळकपणे दिसतात. सिंधुदुर्गातल्या मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर यातून एकच निष्कर्ष निघतो : ‘आमच्या झिलाक ह्या झेपाचा नाय.’ गाबीत वाडीत तो ऐकू येतो, सह्याद्रीच्या पायथ्याच्या धनगरवाड्यावर ऐकू येतो आणि निकालानंतर प्राध्यापकांच्या खोलीतही ऐकू येतो. पालकांनी हे बोलावे हे समजण्यासारखे आहे. शिकवणाऱ्यांनी बोलावे हे नाही.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचे मिळून कोकण विभागीय मंडळ आहे, आणि दहावी-बारावीच्या निकालात ते वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते. २०२४ मध्ये दहावीचा राज्याचा निकाल ९५.८१ टक्के होता, कोकणचा ९९.०१. बारावीला राज्य ९३.३७ वर होते, कोकण ९७.५१ वर. २०२५ मध्ये राज्याचा बारावीचा निकाल ९१.८८ पर्यंत खाली आला, तरी कोकण ९६.७४ वर राहिले. उत्तीर्णांची टक्केवारी हा बुद्धिमत्तेचा दाखला नव्हे, हे मान्य. पण शाळा भरतात, मुले अभ्यास करतात आणि बहुसंख्य मुले पास होतात, एवढे तरी या आकड्यांवरून म्हणता येते. दर वर्षी निकालाच्या दिवशी ज्यांचे पेढे वाटून कौतुक होते, त्याच मुलांची कुवत जानेवारीत अचानक संपते, असे मानायचे असेल तर मधल्या महिन्यांत काय झाले ते आधी सांगावे लागेल.

सांगण्यासारखे बरेच आहे. बारावीचा गणिताचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असतो. त्यात पायऱ्यांना गुण मिळतात. उत्तर चुकले तरी रीत वाया जात नाही. प्रवेश ठरतो तो एमएचटी-सीईटीवर. तिथे गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. पायऱ्या कोणी पाहत नाही. हे वेगाचे कसब आहे आणि ते सरावाने येते. हा सराव पुण्या-मुंबईचे आणि लातूरचे क्लास भरपूर पैसे घेऊन करून देतात. आचऱ्याच्या किंवा मसुऱ्याच्या मुलाला त्यासाठी एक तर घर सोडावे लागते, नाहीतर मोबाइलवर भागवावे लागते. सीईटीचा कमी पर्सेंटाइल बऱ्याच अंशी या सरावाचे माप असते. पुढे मात्र तो बुद्धीचे माप म्हणून वापरला जातो.

त्यानंतरची अडचण तारखांची. केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात. जात पडताळणी अडकलेली, उत्पन्नाचा दाखला न मिळालेला, फीची जुळवाजुळव करणारा विद्यार्थी शेवटच्या फेरीतून येतो, तेव्हा वर्ग सुरू होऊन काही आठवडे झालेले असतात. नव्या विद्यार्थ्यांची घडी बसावी म्हणून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ पासून तीन आठवड्यांचा प्रवेशोत्तर परिचय कार्यक्रम सांगितलेला आहे. ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज, नेमका तोच त्या आठवड्यांत तहसील कचेरीच्या रांगेत असतो.

भाषेचे म्हणाल तर दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी इंग्रजी आणि अकरावीपासून इंग्रजी, हा सांधा बहुतेक मुले कशीबशी जुळवतात. मेकॅनिक्सच्या पेपरात पाच ओळींचे गणित येते तेव्हा तो उसवतो. मूल ते वाचते, मनात मराठी करते, पुन्हा वाचते. तेच गणित तोंडी समजावले तर फळ्यावर सोडवून दाखवते. परीक्षेत हा उलटसुलट प्रवास घड्याळ चालू असताना करावा लागतो.

ड्रॉइंगचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. पहिल्या काही तासांतच विद्यार्थ्यासमोर एका ठोकळ्याचे तिरके चित्र येते : वर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच, मधोमध आरपार भोक. त्याचे समोरून, वरून आणि बाजूने दिसणारे रूप मिनी ड्राफ्टर आणि टू-एच पेन्सिलने शीटवर उतरवायचे. भारतात फर्स्ट अँगल पद्धत चालते. तीत समोरचे दृश्य वर येते आणि वरून दिसणारे त्याच्या खाली. डावीकडून पाहिलेले दृश्य उजव्या हाताला काढायचे. आत दडलेल्या भोकाच्या कडा तुटक रेषांनी दाखवायच्या. संकेत माहीत असेल तर यात अवघड काही नाही. माहीत नसेल तर ‘वरचे खाली का’ यातच तास संपतो आणि पुढच्या आठवड्यात शीट जमा करायचे असते, म्हणून शेजाऱ्याचे शीट काचेवर ठेवून गिरवले जाते. या किनाऱ्यावर कागदावर रेघ न ओढता होडी बांधणारे सुतार पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वस्तू मनात फिरवून पाहण्याची शक्ती इथे नाही, असे म्हणण्याला काडीचाही आधार नाही. नसते ती कागदावरच्या संकेतांशी ओळख.

ही शक्ती शिकवता येते, याचे पुरावेही आहेत. अमेरिकेतल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत शेरिल सॉर्बी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पहिल्या वर्षाच्या ज्या विद्यार्थ्यांना वस्तू मनात फिरवण्याच्या चाचणीत कमी गुण पडले, त्यांच्यासाठी एक छोटा अभ्यासक्रम सुरू केला. प्रत्यक्ष ठोकळे हाताळायचे आणि हाताने रेखाटने काढायची, हा त्याचा गाभा. चाचणीत मागे पडणाऱ्यांत मुलींचे प्रमाण जास्त होते. अभ्यासक्रमानंतर गुण वाढले, पुढच्या विषयांतली कामगिरी सुधारली आणि अभियांत्रिकी न सोडता टिकून राहणाऱ्या मुलींचे प्रमाणही वाढले. जन्मजात मानली गेलेली उणीव एका सत्रात भरून निघत असेल तर ती जन्मजात नव्हती.

याच गैरसमजाची एक अधिक कडवट आवृत्ती आहे : ‘कोट्यातून आलेली मुले कमी गुणांत इंजिनिअर होतात.’ हे वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या आत्मविश्वासाने बोलले जाते की साधा नियमही पुन्हा सांगावा लागतो. सवलत प्रवेशाच्या दारात असते. बारावीला गटविषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. त्यानंतर पेपर तोच, तपासणी तीच, उत्तीर्ण होण्याचे गुण तेच. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो, प्रवर्ग नसतो. पदवी मिळालेला प्रत्येक जण त्याच परीक्षेतून गेलेला असतो.

यावर हुशार मंडळी दुसरा मुद्दा काढतात : प्रवेश मिळतो, पण ज्यांची तयारी नाही त्यांना अवघड जागी बसवून त्यांचेच नुकसान होते. हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यावर अभ्यास झालेले आहेत. सुरेंद्रकुमार बागडे, डेनिस एपल आणि लोवेल टेलर यांनी एका भारतीय राज्यातल्या दोनशेहून अधिक अभियांत्रिकी महाविद्यालयांची माहिती तपासून २०१६ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. आरक्षणामुळे लक्ष्य गटातली मुले अधिक संख्येने, आणि तुलनेने चांगल्या महाविद्यालयांत, शिकू लागली. त्यांचे नुकसान होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी वेरोनिका फ्रिसांचो आणि कला कृष्णा यांचा एका नामांकित संस्थेवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे सर्वांत चुरशीच्या शाखांत राखीव प्रवर्गातली मुले मागे पडत जातात, असे दिसले. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले पाहिजेत. सर्वसाधारण महाविद्यालयात ही मुले टिकतात. जिथे स्पर्धा टोकाची आणि आधार तोकडा, तिथे दरी रुंदावते. २०१५ मध्ये आयआयटी रुरकीने पहिल्या वर्षी ठरलेली सरासरी न गाठणाऱ्या सत्तरहून अधिक विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांतले बहुतेक राखीव प्रवर्गातले होते. गदारोळ झाल्यावर त्यांना परत घेतले गेले. एका वर्षात एवढी मुले एकाच कारणाने पडत असतील, तर एकेका मुलाची कुवत मोजत बसण्यापेक्षा शिकवण्याची पद्धत तपासणे सोपे पडले असते.

शिकवण्याच्या पद्धतीवरचा सर्वांत उपयोगी धडा जुना आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने नापास होत. उरी ट्राइसमन यांनी प्राध्यापकांना कारण विचारले. जिद्द नाही, घरी वातावरण नाही, पाया कच्चा, अशी उत्तरे आली. सिंधुदुर्गातल्या कोणत्याही स्टाफरूममध्ये ती शब्दशः ऐकायला मिळतील. ट्राइसमन यांनी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रत्यक्ष पाहिला. कृष्णवर्णीय मुले तासन्‌तास अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुले गटाने बसत, उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत. ट्राइसमन यांनी कच्च्या मुलांचे जादा तास भरवले नाहीत. त्यांनी गट केले आणि वर्गातल्यापेक्षा अवघड गणिते दिली. गटात आलेल्यांचे निकाल पालटले.

इथे बहुतेक महाविद्यालये नेमके उलट करतात. ‘रिमेडियल’ नावाखाली संध्याकाळी चारनंतर तेच व्याख्यान त्याच वेगाने पुन्हा होते. त्या वेळी मालवणकडे जाणारी एसटी चुकू नये म्हणून निम्मी मुले उठून गेलेली असतात, आणि उरलेल्यांच्या माथी ‘ढ’चा शिक्का बसतो.

स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या अध्यापनावरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास होत होते. वर्गातच गणिते सोडवणे, चर्चा, गटकाम असेल तिथे २१.८ टक्के. २०२० मध्ये एली थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न वंचित गटांपुरता विचारला. अशा अध्यापनाने परीक्षेतल्या गुणांची दरी सरासरी ३३ टक्क्यांनी आणि उत्तीर्ण होण्यातली दरी ४५ टक्क्यांनी कमी झाली होती. अट एकच होती, वर्गातला बराचसा वेळ या कामात गेला पाहिजे. तासाच्या शेवटी ‘एनी डाउट्स?’ विचारणे त्यात मोजत नाहीत.

उरलेले गैरसमज लहान आहेत, पण प्रवेशाच्या हंगामात तेच जास्त नडतात. ‘डिप्लोमावाली मुले कच्ची असतात’ : कुंभारमाठच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थांतून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुले वर्कशॉप आणि ड्रॉइंगमध्ये सहसा वरचढ ठरतात, ती अडखळतात तिसऱ्या सत्राच्या गणितात, म्हणजे एम-थ्रीच्या लाप्लासमध्ये, कारण पदवीचे एम-वन आणि एम-टू त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. ‘इंजिनिअरिंगसाठी जिल्हा सोडावाच लागतो’ : सिंधुदुर्गातच हरकुळ बुद्रुक आणि सुकळवाड इथे खासगी महाविद्यालये आहेत, शेजारच्या रत्नागिरीत आता शासकीय महाविद्यालयही आहे. ‘मुंबईत आपण बाहेरचे’ : सिंधुदुर्ग मुंबई विद्यापीठाच्याच क्षेत्रात येतो, त्यामुळे तिथल्या बऱ्याच महाविद्यालयांत मालवणचा विद्यार्थी होम युनिव्हर्सिटीचा धरला जातो, अर्थात त्या जागांसाठी गाठ दादर-ठाण्याच्या मुलांशीच असते. ‘मराठीतून अभियांत्रिकी होणेच शक्य नाही’ : पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने २०२१ मध्ये संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू केली. ‘मुलींच्या जागा मुलांच्या वाट्यातून गेल्या’ : आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी दिलेल्या जागा वाढीव होत्या, मुलींचे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपासवरून २० पर्यंत गेले आणि मुलांची एकही जागा कमी झाली नाही.

‘मुलींना आता सगळे फुकट’ हा सर्वांत नवा गैरसमज. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले, तेही केंद्रीभूत फेरीतून प्रवेश घेतला असेल तरच. वसतिगृह, खानावळ, ड्राफ्टर आणि लॅपटॉप त्यात येत नाहीत. राहण्याच्या खर्चासाठी अनुसूचित जातींना स्वाधार, अनुसूचित जमातींना स्वयम् आणि अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अशा वेगळ्या योजना आहेत. त्यांचे अर्ज वेगळे भरावे लागतात आणि दर वर्षी नूतनीकरण करावे लागते.