अनुभव: नाही?

मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून बांद्यातल्या मुली-सुना अर्ज दाखवायला माझ्याकडे जास्तच येऊ लागल्या आहेत. कागद उघडावा तर वरच उंची, वर्ण, रास! "अगो बाय, ह्यो अर्ज नोकरीचो काय लग्नाचो?" असं विचारलं की हसतात. नाव, फोन, शिक्षण, एमएससीआयटी केलं असेल तर त्याचं वर्ष, येणाऱ्या भाषा, एवढं पुरे. मालवणी बोलणारीला कोकणी समजते, तेही लिहा. गोव्यात उपयोगी पडतं.

खरी गंमत 'अनुभव' या रकान्यात. एकीने तिथे सरळ 'नाही' लिहिलेलं. आणि बाई सहा वर्षं बचत गटाची सचिव! दहाजणींचा हिशेब, बँकेचा भरणा, कर्जाचे हप्ते, सगळं तिच्याच वहीत. मग तेच आकड्यांसकट लिहिलं. मुलाखतीला त्यावरच प्रश्न आले म्हणे.

गोव्यातल्या सरकारी नोकरीला मात्र सहसा १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, म्हणून आधी जाहिरात नीट वाचा. आणि नोकरी लावतो म्हणून कोणी आधी पैसे मागितले, तर आपले कागद उचला आणि पत्रादेवी ओलांडून सरळ घरी या.