कुंडीतील तुळस : मुळांची कोंडी आणि मातीपालट

घरापुढील तुळशीचे वृंदावन ही महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांची जुनी ओळख होय. तिच्या जोडीला आता शाळेचा व्हरांडा, ग्रामपंचायतीचे कार्यालय आणि आरोग्य केंद्राचे आवार येथेही कुंड्यांमधून तुळस, कोरफड, गवती चहा, पुदिना, पानओवा अशा औषधी वनस्पती दिसू लागल्या आहेत. केंद्र शासनाने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना केली, त्यानंतर अशा लागवडीकडे शासकीय स्तरावरही अधिक लक्ष दिले गेले. ५ जून रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, समारंभपूर्वक लावलेली ही रोपे पहिल्या वर्षी जोमाने वाढतात. दुसऱ्या वर्षी पाने बारीक होतात, खोडाचा खालचा भाग उघडा पडतो आणि पुढे कित्येक ठिकाणी कुंडीत वाळलेली काडी तेवढी उरते. मग नव्या रोपांसाठी पुन्हा खर्चाचा प्रस्ताव येतो. दोष बहुधा उन्हाला, पाणीटंचाईला किंवा शिपायाला दिला जातो. प्रत्यक्षात या दुखण्याचे मूळ, शब्दशः, मुळांतच असते.

मुळे वळतात कशी?

जमिनीत लावलेल्या झाडाला पाणी व अन्न कमी पडू लागले की त्याची मुळे दूरवर पसरून नवी माती शोधतात. कुंडीतील रोपाला ही मुभा नाही. त्याची मुळे भिंतीला टेकतात, वळतात आणि कुंडीच्या आतून गोल फिरू लागतात. वर्ष-दीड वर्षात मुळांचा एक घट्ट जाळीदार गोळा तयार होतो. दरम्यान शेणखताचा अंश कुजून संपलेला असतो, रोजच्या पाण्याबरोबर अन्नद्रव्ये तळाच्या छिद्रातून वाहून गेलेली असतात आणि उरलेली माती दबून कठीण झालेली असते. अशी माती एकदा पूर्ण सुकली की आक्रसते व कुंडीच्या भिंतीपासून सुटते. ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरते. वरून पाहणाऱ्यास कुंडी भिजलेली वाटते, परंतु मुळांचा गाभा कोरडाच असतो. सकाळी पाणी घालूनही दुपारी रोपाने मान टाकावी, याचे हे कारण आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने येथे काळ्या मातीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. ओली झाली की फुगणारी व सुकली की भेगाळणारी ही माती कपाशीला उपकारक असली, तरी कुंडीत एकटी वापरल्यास मुळांची घुसमट करते. हाताशी आहे म्हणून शेतातील काळी माती तशीच भरण्याची पद्धत गावोगावी दिसते. ती टाळावी, अथवा निदान तीत वाळू व शेणखत पुरेशा प्रमाणात मिसळावे.

कुंडी बदलण्याची वेळ आली हे ओळखण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही. तळाच्या छिद्रातून मुळे डोकावू लागणे, पाणी घालताच खालून भळाभळा वाहणे, रोप वारंवार कोमेजणे आणि पावसाळ्यातही नवी पालवी न फुटणे, या खुणा पुरेशा आहेत. मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरा थर आला असल्यास तो पाण्यातील व खतातील क्षारांचा होय. कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्या गावांत तो लवकर येतो.

मातीपालट

आपल्याकडे या कामास पावसाळ्याचा प्रारंभ सर्वांत सोयीचा. हवेत ओलावा असतो आणि दुखावलेली मुळे लवकर सावरतात. थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीच्या अखेरीसही हे काम करता येते. मात्र एप्रिल-मेच्या उन्हात आणि कडाक्याच्या थंडीत ते करू नये. तुळशीला थंडी मुळीच मानवत नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी रोपाला पाणी द्यावे, म्हणजे गोळा न फुटता सुटतो. दुसऱ्या दिवशी खोड दोन बोटांमध्ये धरून तळवा मातीवर टेकवावा, कुंडी उलटी करावी आणि तिचा काठ ओट्यावर हलकेच आपटावा. खोडाला धरून ओढणे हा सर्वांत मोठा अपराध. त्यात बारीक मुळे तुटतात आणि पाणी शोषण्याचे काम त्यांच्याकडेच असते. बाहेर आलेल्या गोळ्याच्या कडेची गुंतलेली मुळे बोटांनी मोकळी करावीत. जाळे फारच घट्ट असेल तर धारदार चाकूने तीन-चार ठिकाणी उभी चीर द्यावी. कित्येक घरांत तुळशीच्या मुळांना हत्यार लावणे प्रशस्त मानीत नाहीत. तेथे गोळा पाण्यात थोडा वेळ ठेवून हातानेच मुळे सोडवली तरी काम भागते. गोल फिरणारी मुळे तशीच ठेवून रोप नव्या मातीत बसविले, तर ती बराच काळ त्याच वर्तुळात फिरत राहतात व नवी माती व्यर्थ जाते.

नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंचांनी रुंद असली की पुरे. लहान रोपाला एकदम मोठी कुंडी देण्याचा मोह होतो. परंतु मुळे न पोहोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते व मुळे कुजतात. मातीसाठी दोन भाग पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू हे मिश्रण चांगले. ताजे शेण कदापि घालू नये. तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची रूढी सार्वत्रिक आहे, तथापि तिचा लाभ समजला जातो तसा होत नाही. बारीक मातीतील पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही, वरची माती तुडुंब भिजेपर्यंत तेथेच अडून राहते. शिवाय मुळांची जागा कमी होते ती वेगळीच. छिद्रावर एक बाकदार खापरी पालथी ठेवावी, एवढेच पुरेसे आहे.

रोप पूर्वी जितके खोल होते तितकेच खोल बसवावे. खोड मातीत गाडले गेल्यास बुंधा कुजतो. काठाशी एक इंच जागा पाण्यासाठी मोकळी सोडून माती हलक्या हाताने दाबावी, पाणी तळातून निथळेपर्यंत द्यावे आणि रोप आठवडाभर सावलीत ठेवावे. मुळे कमी झाली असल्याने वरचा साधारण एकतृतीयांश पाला खुडणे हितावह असते. पुढील तीन-चार आठवडे वरखत देऊ नये.

वृंदावनाचा प्रश्न

बांधीव वृंदावन उलटे करता येत नाही. तेथे कडेची माती खुरप्याने वीतभर खोल काढून नवी भरणे हाच मार्ग. परंतु त्याआधी वृंदावनाला पाणी निघून जाण्यास वाट आहे किंवा नाही हे पाहिले पाहिजे. जुन्या वृंदावनांत ती असे. नव्या, फरशी बसविलेल्या वृंदावनांत कित्येकदा गवंडी ती बुजवून टाकतो. अशा बंद हौदात श्रद्धेने रोज घातलेला तांब्याभर पाण्याचा नेमही, विशेषतः पावसाळ्यात, तुळशीच्या मुळावर येतो. नेम मोडण्याची आवश्यकता नाही. पाणी पळीभर करावे.

तुळस, शास्त्रीय नाव ओसिमम टेन्युइफ्लोरम, ही काही वर्षे जगणारी वनस्पती असली तरी तिचे आयुष्य थोडे. मंजिऱ्या पक्व होऊ दिल्या की तिची शक्ती बियांत खर्ची पडते. म्हणून त्या कोवळ्या असतानाच खुडाव्यात. एखाद-दुसरीच बियांसाठी राखावी. खोड पूर्ण लाकडासारखे झालेल्या रोपाला नवी कुंडी देऊनही फारसा गुण येत नाही. त्याच्याच बियांपासून नवे रोप करणे शहाणपणाचे ठरते. बी अत्यंत बारीक असते, त्यावर मातीचा केवळ चुरा भुरभुरावा.

पुदिना व गवती चहा यांचे बेट फोडून वेगळे लावावे. कोरफडीची बाजूची पिल्ले सोडवून दोन-तीन दिवस सावलीत सुकवावीत व मग लावावीत.

सार्वजनिक संस्थांत या कामाची खरी अडचण तंत्राची नसून, ते कोणाच्याच कामाच्या यादीत नसते ही आहे. रोपे लावल्याची नोंद होते, माती बदलल्याची होत नाही. शाळांना या बाबतीत एक अनुकूलता आहे. उन्हाळी सुटीनंतर शाळा साधारणतः जूनच्या मध्यास, विदर्भात उन्हामुळे त्याहून उशिरा, उघडतात आणि मातीपालटाचा हंगामही नेमका तोच असतो. एका वर्गाने दोन तास दिले तर वीस-पंचवीस कुंड्या सहज होतात, आणि मुळांचा पाठ पुस्तकाबाहेर शिकविला जातो तो निराळाच. सुटीपूर्वी सर्व कुंड्या एका झाडाखाली जवळजवळ मांडून त्यांवर पालापाचोळा पसरावा आणि पाणी घालण्याचे काम शेजारच्या एका घराकडे नावानिशी सोपवावे. माती बदलल्यावर कुंडीच्या काठावर रंगाने महिना व वर्ष लिहून ठेवावे, म्हणजे बदलून आलेल्या नव्या शिक्षकास अथवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यास कोणती कुंडी केव्हा हाती घ्यावयाची हे विचारावे लागत नाही.