तोच क्लच तिसऱ्यांदा

(मालवाहू गाडीची ओळख : भाग ६)

गेल्या आठवड्यात आपण इंजिनापाशी थांबलो होतो. इंजिनात तयार झालेली ताकद मागच्या चाकांपर्यंत पोचवणाऱ्या भागांची एक रांग असते: फ्लायव्हील, क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि अ‍ॅक्सल. पिकअपवाल्यांची जास्त भांडणं या रांगेवरूनच होतात. गाडी नवी असेल तर विचारूच नका. हप्ते सुरू असतात, नंबर प्लेट अजून चकचकीत असते आणि क्लच प्लेट मात्र दुसऱ्यांदा बदललेली असते.

हा विषय वडोदऱ्याजवळच्या कोयलीच्या अंगानं समजून घेऊ, कारण पिकअपची खरी परीक्षा अशाच गावात होते. सोव्हिएत मदतीनं १९६५ साली सुरू झालेली गुजरात रिफायनरी इथली. पलीकडे बाजवा, रणोली, नंदेसरीपर्यंत खतांचे आणि रसायनांचे कारखाने. तेल न्यायला टँकर असतात. पण पाईप, व्हॉल्व्ह, फ्लँज, वेल्डिंगची यंत्रं, मचाणाचा सांगाडा अशी किरकोळ दिसणारी जड ने-आण पिकअपच्याच वाट्याला येते. अंतर थोडं, माल पुरेपूर, आणि कारखान्याच्या फाटकावर रांग. ‘गाडी फार फिरलेलीच नाही हो,’ असं मालक सर्व्हिस सेंटरमध्ये कळवळून सांगतो. त्याचं खरं असतं. पण क्लचची झीज किलोमीटरवर ठरत नाही. गाडी किती वेळा उभी राहून पुन्हा सुटली आणि हाफ क्लचवर किती सरकली यावर ठरते. महामार्गावर पाचव्या गिअरला धावणाऱ्या गाडीचा क्लच बसून असतो. रांगेत फूट-फूट सरकणाऱ्या भरल्या गाडीचा क्लच घासत असतो आणि तापत असतो.

तरीही दरवेळी ड्रायव्हरला दोष देणाऱ्या सर्व्हिस सेंटरवर मी विश्वास ठेवत नाही. एकच भाग पुन:पुन्हा जात असेल तर दोष त्या भागात असण्याची शक्यता कमी होत जाते. तो शेजारच्या भागात असतो, जोडणीत असतो किंवा वापरात असतो. वॉरंटीत तुटलेला भाग बदलून मिळतो. तो का तुटला हे शोधण्याचा वेळ त्या हिशेबात धरलेला नसतो.

क्लचचंच बघा. नवी प्लेट आणि नवी प्रेशर प्लेट बसवली, पण फ्लायव्हीलवर तापून पडलेले निळसर डाग तसेच राहिले, तर गाडी सुटताना पुन्हा थरथरणार. इंजिनाच्या मागचं किंवा गिअरबॉक्सच्या पुढचं ऑइल सील पाझरत असेल तर तेल प्लेटवर येतं, प्लेट घसरते, जळते. प्लेट बदलली आणि सील तसंच ठेवलं तर काही महिन्यांत तोच प्रकार. क्लचचा पेडलखालचा किंवा गिअरबॉक्सजवळचा सिलिंडर पूर्ण माघारी येत नसेल तर पाय काढल्यावरही क्लच किंचित दबलेला राहतो. अशा वेळी ड्रायव्हर कितीही शहाणा असो, प्लेट टिकत नाही. म्हणून गिअरबॉक्स खाली उतरला असेल तेव्हा तिथं उभं राहा, फ्लायव्हीलचा फोटो काढा आणि सील कोरडं आहे का ते स्वतः पाहा.

आता प्रॉपेलर शाफ्ट. माझ्या मते पिकअपमधला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. लांब गाडीत तो दोन तुकड्यांचा असतो. मधे रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग आणि सांध्यांवर क्रॉस. क्रॉसची एक खोड आहे. शाफ्ट सरळ नसून कोनात फिरत असेल तर क्रॉसच्या पलीकडची बाजू एकसारख्या वेगानं फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. ही चूक दुसऱ्या टोकाचा क्रॉस उलट बाजूनं भरून काढतो. पण त्याला दोन अटी आहेत: दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन टोकांचे चिमटे, म्हणजे योक, एकमेकांशी जुळलेले हवेत.

गाडी कुठंतरी अडते, रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये शाफ्ट उतरवला जातो, सांधा खोलला जातो आणि परत बसवताना दात एक-दोन घरं इकडेतिकडे होतात. गाडी चालते. फक्त ठरावीक वेगाला तळातून थरथर येऊ लागते. मग सेंटर बेअरिंगचं रबर फाटतं. नवं बसवतात, तेही फाटतं. कंपनीचा माल हलका झाला, असा निष्कर्ष निघतो. खरं तर खोलण्यापूर्वी दोन्ही बाजूंना रंगाची एक रेघ मारली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. बहुतेक शाफ्टवर जुळणीची खूण असतेही. चिखलाखाली ती कुणी पाहत नाही, एवढंच.

कोन बिघडवणारी दुसरी गोष्ट म्हणजे भार. सहा इंची, शेड्यूल ४० चा लोखंडी पाईप मीटरला सुमारे २८ किलो भरतो. सहा मीटरचा एक नग म्हणजे जवळजवळ १७० किलो. असे दहा चढवले की पावणेदोन टनाचा पिकअप भरला, आणि हौद्यात अजून अर्ध्याहून जास्त जागा रिकामी दिसते! तिथंच फसगत होते. त्यात पाईप हौद्यापेक्षा लांब. त्याचं वजन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लोंबत असेल तर पुढची चाकं हलकी होतात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर मालाच्या वजनाहूनही अधिक भार येतो. पाटे दबतात, अ‍ॅक्सल चासीच्या जवळ येतो, शाफ्टचा कोन बदलतो. वर गाडी सुटताना डिफरन्शियलचं तोंड उचललं जातं. क्रॉसला सगळ्यात जास्त मार याच क्षणी बसतो. जादा भाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहेत. शिवाय जादा भार सिद्ध झाला की वॉरंटीवरचा हक्क लंगडा पडतो. वजनकाट्याच्या पावत्या म्हणूनच जपून ठेवाव्यात; भांडणात त्या तुमच्या बाजूनं बोलतात.

थरथर कुठून येते ते ओळखायला फार यंत्रं लागत नाहीत. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला, इंजिन चालू ठेवूनच, क्षणभर न्यूट्रल करून बघा. थरथर कायम राहिली तर शाफ्ट, टायर किंवा हबकडे संशय वळवा. थांबली तर इंजिन, त्याचे माउंटिंग आणि क्लच. फक्त सुटतानाच थरथरत असेल तर आधी क्लच, मग सेंटर बेअरिंग. पुढे-मागे घेताना ‘टक्’ वाजलं तर क्रॉस किंवा डिफरन्शियलमधली ढिलाई. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर एक आणि सोडल्यावर वेगळाच घुमा आवाज येत असेल तर डिफरन्शियलमधले क्राउन-पिनियन.

तेलाबद्दल थोडक्यात. रिफायनरीच्या दारात राहणारी माणसंही गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल-४ लिहिलंय की जीएल-५ हे वाचत नाहीत. डिफरन्शियलला साधारण जीएल-५ लागतं. तेच तेल जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये ओतलं तर गिअर अडकायला लागतात, कारण सिंक्रोनायझरच्या रिंगला पकड हवी असते आणि हे तेल ती पकड सोडवतं. काही तेलांतली द्रव्यं पितळेलाही खातात. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घाला, गॅरेजमधल्या मोठ्या पिंपातलं नको.

एवढं सगळं तपासूनही दोष कारखान्यातूनच आलेला असू शकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये महिंद्रानं १२,५६६ एक्सयूव्ही-७०० आणि ६,६१८ स्कॉर्पिओ-एन तपासणीसाठी परत बोलावल्या. गाड्या चाकणच्या, आणि तक्रार क्लचच्या बेल हाउसिंगमधल्या एका रबरी आवरणाच्या मापाची. २०२१ मध्ये त्याच कंपनीनं २९,८७८ पिकअपमधली एक द्रवाची नळी बदलून दिली. तेव्हा तुमच्या चासी नंबरवर अशी काही मोहीम आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा किंवा डीलरला लेखी विचारा. १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांबाबत सक्तीच्या परतबोलावणीचा नियमही लागू आहे.

डीलर ऐकत नसेल तर ग्राहक आयोग. पिकअप धंद्याचा, मग आपण ग्राहक कसे, या शंकेनं पुष्कळजण मागे फिरतात. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनीअरिंगच्या निकालात हे स्पष्ट केलं आहे: पोटापाण्यासाठी ट्रक घेऊन स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच आहे. दहा गाड्या ड्रायव्हरांच्या हाती देणाऱ्याला हे संरक्षण नाही. गाडी नाशिकला घेतली आणि राहायला कोयलीत असाल, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार वडोदऱ्यातच करता येते. पाच ते दहा लाखांच्या गाडीला शुल्क २०० रुपये. सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे.

मात्र नवी गाडीच मिळेल, अशी आशा धरू नका. मारुतीच्या २००६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं वॉरंटीचा अर्थ सदोष भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं असा लावला. अख्खी गाडी बदलून द्यावी असा नाही. उत्पादनातला दोष म्हणायचा तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि कायद्यानं आयोग तसा तपास प्रयोगशाळेकडून करवून घेऊ शकतो. म्हणून काढलेली प्लेट, फाटलेलं बेअरिंग भंगारात जाऊ देऊ नका. वॉरंटीत बदललेला भाग कंपनी ठेवून घेते, तेव्हा निदान त्याचा फोटो आणि नोंद तुमच्याकडे हवी. जॉब कार्डावर ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नका. ‘सुटताना थरथर, तिसरी वेळ’ असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या, तारीख आणि किलोमीटर टाकून घ्या, प्रत हातात आल्याशिवाय गाडीची चावी देऊ नका. तक्रारीची कायदेशीर मुदत दोन वर्षांची आहे.