मुलांच्या हाडातील सळई : कुठे काय बिघडते?

मांडीचे हाड मोडलेल्या मुलाला पूर्वी पायाला वजन लावून कित्येक आठवडे खाटेवर जखडून ठेवले जाई. फ्रान्समधील नान्सी शहराच्या शल्यविशारदांनी १९८०च्या सुमारास त्यावर नामी उपाय रूढ केला. गुडघ्याच्या वर दोन्ही बाजूंनी लहान छेद घेऊन टायटॅनियमच्या दोन लवचिक सळ्या हाडाच्या पोकळीत सरकवायच्या. धनुष्यासारख्या ताणलेल्या या सळ्या आतून हाडाला तोलून धरतात आणि हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची चकती शाबूत राहते. पाच वर्षांखालील मुलांना मात्र आजही बहुधा प्लास्टरच पुरते.

सर्वाधिक आढळणारी तक्रार तशी किरकोळ असते. सळईचे बाहेर राहिलेले टोक गुडघ्यापाशी टोचते, मूल गुडघा वाकवायला तयार होत नाही. टोक फार लांब राहिले किंवा बाहेर वाकवले, तर कातडी फाटून जंतुसंसर्ग होतो. फारच आखूड कापले, तर सहा महिने ते वर्षभराने सळई काढताना ते सापडत नाही.

खरा प्रश्न वजनाचा आहे. मूल ५० किलोच्या आसपास किंवा अकरा वर्षांपुढचे असेल, अथवा हाडाचा चुरा झाला असेल, तर लवचिक सळ्या भार पेलत नाहीत. हाड वाकडे जुळते किंवा आखूड होते. प्रत्येक सळईची जाडी पोकळीच्या सर्वात अरुंद भागाच्या सुमारे ४० टक्के असावी आणि दोन्ही सळ्या सारख्याच जाडीच्या असाव्यात, हा नियम मोडला तरी हेच घडते. थोडा बाक वाढत्या वयात आपोआप सरळ होतो; हाडाला पडलेला पीळ मात्र सहसा सुटत नाही. उलट, मोडलेल्या भागाचा रक्तपुरवठा वाढल्याने तो पाय एखादा सेंटीमीटर लांबही होतो!

मग मोठ्यांचा जाड रॉडच का घालू नये? कारण तो खुब्याच्या वरच्या खोबणीतून घातल्यास खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणारी वाहिनी दुखावू शकते. गोळा मृत होऊन खचला, तर ते अपंगत्व जन्मभराचे. हे क्वचितच घडते, पण म्हणूनच किशोरवयीन मुलांत रॉडचा प्रवेश खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यातून करतात.

हाताच्या बाबतीत धोके निराळे. मनगटाच्या मागच्या बाजूने सळई घातली असेल, तर तिच्या टोकाशी घासून अंगठ्याची शिर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी तुटते. हाड उत्तम जुळलेले असते. पण अंगठ्याचे टोक उचलत नाही. त्याहून तातडीची बाब म्हणजे स्नायूंच्या कप्प्यांतील दाब वाढणे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत वेदना औषधाला न जुमानता वाढत गेल्या, बोटे सरळ करताच मूल कळवळू लागले, तर ‘ऑपरेशननंतर दुखणारच’ असे म्हणून सकाळची वाट पाहू नये. त्याच घटकेला डॉक्टरांना बोलवावे. काही तासांत स्नायू कायमचे निकामी होतात.