लागणीपेक्षा खोडवा सरस

'बॉबी' हा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. निदान घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्याचे नाव तरी ऐकले असेल. २८ सप्टेंबर १९७३ रोजी तो पडद्यावर आला, तेव्हा त्याची नायिका डिंपल कपाडिया अवघी सोळा वर्षांची होती. 'मेरा नाम जोकर'मुळे कर्जात बुडालेल्या राज कपूर यांनी आपला मुलगा ऋषी आणि ही नवखी पोर घेऊन डाव मांडला. चित्रपट तुफान चालला. गोव्याकडच्या ख्रिस्ती कोळ्याची मुलगी रंगवल्याबद्दल डिंपलला फिल्मफेअर पारितोषिकही मिळाले, जया भादुरींबरोबर विभागून.

पण पीक काढणीला आले तेव्हा ती शेत सोडून गेली होती. मार्च १९७३ मध्येच तिचे लग्न झाले होते, त्या काळचे सर्वांत लाडके नट राजेश खन्ना यांच्याशी. त्यांचे वय तीस, हिला सोळावे लागलेले. कायद्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते. मुलीच्या लग्नाचे किमान वय तेव्हा पंधराच होते; ते अठरा झाले १९७८ साली. डिसेंबरात पहिली मुलगी झाली आणि सिनेमातले काम बंदच पडले.

१९८२ मध्ये दोन लहान मुलींना घेऊन ती वेगळी झाली. वय पंचविशीचे, मध्ये नऊ वर्षांचा खंड. आपल्याकडे अशा लेकीला काय काय ऐकावे लागते, ते मी सांगायला नको. १९८४ साली 'जख्मी शेर' आणि 'मंझिल मंझिल' हे चित्रपट आले नि गेले. १९८५ मध्ये मात्र 'सागर' लागला, नायक पुन्हा ऋषी कपूर, जोडीला कमल हासन. पुन्हा फिल्मफेअर, आणि या खेपेस वाटेकरी कोणी नाही!

नंतरच्या चार-पाच वर्षांतले तिचे बरेच चित्रपट, खरे सांगायचे तर, विसरण्याजोगेच. खोडव्यात तण माजतेच. पण पुढे कस दिसला. १९९१ च्या 'प्रहार'मध्ये आपल्या नाना पाटेकरांनी तिला चेहऱ्याला रंग न लावता उभी केली. मग १९९३ चा 'रुदाली' आला. महाश्वेतादेवींच्या कथेवरचा, कल्पना लाजमींनी दिग्दर्शित केलेला. राजस्थानातली शनिचरी, नवऱ्याच्या क्रियाकर्मासाठी जमीनदाराकडून पन्नास रुपये उचलते आणि वेठीला बांधली जाते. एवढे दुःख सोसूनही तिच्या डोळ्यांतून टिपूस येत नाही. डिंपलने ती बाई अशी उभी केली आहे की उन्हात भांगलण करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना तिच्यात ओळखीचे काही सापडावे. या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

उसाचा खोडवा लागणीपेक्षा कमीच उतरतो, हे तुम्ही जाणताच. इथे उलटे झाले. तरी घरात सोळा वर्षांची मुलगी असलेल्यांनी 'डिंपल बघा, परत आलीच की' असा हिशेब करू नये. तिच्या हाती 'बॉबी'चे नाव होते. मधली नऊ वर्षे कोरी जाऊनही निर्मात्यांनी तिला पुन्हा बोलावले, ते त्या नावावर. दहावीतून काढून बोहल्यावर चढवलेल्या मुलीला परत कोण बोलावणार?

डिंपल मात्र अजून काम करते आहे. २०२० च्या 'टेनेट' या इंग्रजी चित्रपटात, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ती शस्त्रांचा व्यापार करणारी बाई झाली.